कोविन आणि लसीचं प्रमाणपत्र : यंत्र चांगलं, घोषणा जड

आधी कोविड लसीच्या प्रमाणपत्राचा कागदच समोर घेऊ. ए-फोर आकाराची पीडीएफ. वर लाभार्थ्याचं नाव, वय, लिंग, कोणतं ओळखपत्र तपासलं त्याची नोंद आणि लांबलचक संदर्भ क्रमांक. मधे लसीचं नाव, डोसची तारीख, बॅच नंबर, टोचणाऱ्या सिस्टरचं नाव, केंद्राचं ठिकाण. खालच्या भागात क्यूआर कोड, पंतप्रधानांचा फोटो आणि ‘दवाई भी और कड़ाई भी’ ही घोषणा. एवढ्या सगळ्यात एक गोष्ट नव्हती. जन्मतारीख. छापलेलं होतं ते फक्त वय, कारण नोंदणी करताना जन्मवर्षच विचारलं जायचं.

म्हणजे घोषणेला जागा होती, जन्मतारखेला नव्हती. याच रिकाम्या रकान्यावरून पुढे दोन देशांची जुंपली, ते येईलच. हा कागद एका वेळी दोन कामं करायला निघाला होता: वैद्यकीय नोंद ठेवायची आणि राष्ट्राची, पर्यायाने नेत्याची, पाठ थोपटायची. पहिलं काम त्याने बऱ्यापैकी केलं. दुसऱ्या कामापायी तो कुठे कुठे अडखळला, ते तपासलं की कोविन या सरकारी लसीकरण पोर्टलचं खरं मोल कळतं. परीक्षणाचा काळ १६ जानेवारी २०२१ ते मे २०२४.

यंत्राला दहापैकी आठ गुण द्यायला हरकत नाही. कोविन हवेतून उगवलं नाही. कुठल्या शीतसाखळी केंद्रात किती कुपी शिल्लक आहेत आणि फ्रिजचं तापमान २ ते ८ अंशांत आहे का, हे कळवणारी ई-विन ही यंत्रणा संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने देशात आधीच चालू होती. कोविन हा त्या पायावर चढवलेला मजला. पहिल्याच दिवशी याद्या उघडेनात, कर्मचाऱ्यांना निरोप जाईनात, अनेक केंद्रांनी कागदावर नोंदी करून वेळ मारून नेली. पण काही आठवड्यांत गाडी रुळावर आली आणि पुढे २२० कोटींहून जास्त डोसांच्या नोंदी याच यंत्रणेने पेलल्या. हे काम लहान नाही.

प्रमाणपत्राची तांत्रिक बाजू तर खासच. क्यूआरमध्ये नुसता वेबसाइटचा पत्ता नसून डिजिटल सही केलेला पूर्ण मजकूर असतो. त्यामुळे कुणी संगणकावर नाव खरवडून दुसरं चिकटवलं तर छापील कागदावर नवं नाव दिसेल, पण पडताळणीच्या पानावर स्कॅन केलं की जुनंच वर येईल. मुंबईत १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस होऊन १४ दिवस उलटलेल्यांना लोकल उघडली, तेव्हा स्टेशनबाहेरच्या मदत कक्षांवर हाच कागद आणि ओळखपत्र दाखवून मासिक पास मिळत होता. तिथे या रचनेचा उपयोग दिसला.

अर्थात सही सांगते ती एवढंच, की नोंद कुणी केली. सुईत काय होतं ते सही सांगू शकत नाही. कांदिवलीच्या एका सोसायटीत मे २०२१ मध्ये झालेल्या शिबिरात ३९० जणांनी पैसे मोजून लस घेतली. त्यांना आलेल्या प्रमाणपत्रांवर भलत्याच केंद्रांची नावं निघाली, तेव्हा शंका आली. मुंबईत अशी नऊ बनावट शिबिरं झाली आणि २,०५३ लोक फसले, असं राज्य सरकारने उच्च न्यायालयात सांगितलं. प्रमाणपत्र अस्सल, लस खोटी! ज्याच्या हाती केंद्राचं लॉगिन, तो काय भरतो यावर सगळं अवलंबून. ही भोकं बुजवायला केंद्रनिहाय कुपी आणि नोंदलेले डोस यांचा रोजचा ताळा लागतो. तो किती काटेकोर ठेवला जातो, यात राजकारणाचा पहिला संबंध येतो, कारण आकडा वाढलेला सगळ्यांनाच हवा असतो.

आता स्लॉट. हा कोविनचा सगळ्यात बदनाम भाग, आणि बदनामीतली निम्मी अन्याय्य आहे. मोबाइल नंबर, ओटीपी, पिनकोड किंवा जिल्हा, मग तारखांची पट्टी. लाल म्हणजे भरलं, हिरवं म्हणजे आहे, आणि हिरवं दिसून बोट पोचेपर्यंत लाल. एका मोबाइलवर चार माणसं नोंदवता येत. मधेच कॅप्चा, मग मे २०२१ पासून केंद्रावर सांगायचा चार आकडी कोड. हा कोड आला तो एका खऱ्या घोटाळ्यामुळे: लोकांनी स्लॉट घेतला, केंद्रावर गेलेच नाहीत, आणि तरी ‘तुमचं लसीकरण झालं’ असा एसएमएस. आता कोड सांगितल्याशिवाय नोंद होईना. दुरुस्ती वेळेवर आणि नेमकी, असं फार कमी सरकारी पोर्टलबद्दल म्हणता येतं.

स्लॉट पद्धत मुळात का हवी, तेही सांगायला हवं. कोव्हिशील्डची कुपी ५ मिलिलिटरची, त्यात ०.५ मिलिलिटरचे दहा डोस. एकदा बूच टोचलं की चार तासांत संपवायची, उरलं ते फेकायचं. कोव्हॅक्सिनची तर सुरुवातीची कुपी वीस डोसांची होती. म्हणजे आठ-दहा माणसं जमल्याशिवाय कुपी फोडणं परवडत नाही आणि संध्याकाळी पाच वाजता चारच उरली तर पेच. केरळने हा हिशेब उत्तम सांभाळला. मे २०२१ च्या सुरुवातीपर्यंत त्यांना मिळाले ७३,३८,८०६ डोस आणि त्यांनी दिले ७४,२६,१६४, कारण प्रत्येक कुपीत थोडी जास्तीची लस भरलेली असते आणि तिथल्या परिचारिकांनी तो शेवटचा थेंबही वापरला. त्यात ॲपची करामत नव्हती. हाताचं कसब होतं.

मग घोडं अडलं कुठे? १ मे २०२१ ला. १९ एप्रिलला केंद्राने जाहीर केलं की अठरा वर्षांवरील सगळ्यांना लस. २८ एप्रिलला दुपारी चार वाजता नोंदणी उघडली, पोर्टल कोसळलं, उठलं, आणि त्या एका दिवसात १.३३ कोटी लोकांनी नाव नोंदवलं. हा आकडा विक्रम म्हणून सांगितला गेला. पण नोंदणी म्हणजे लस नव्हे. साठाच नव्हता. जानेवारीत सरकारने कोव्हिशील्ड बनवणाऱ्या सीरमला दिलेली पहिली ऑर्डर १.१ कोटी डोसांची होती आणि कोव्हॅक्सिन बनवणाऱ्या भारत बायोटेकला ५५ लाखांची. त्याच महिन्यापासून शेजारी आणि दूरच्या देशांना लस पाठवणं सुरू झालं. एप्रिलपर्यंत साडेसहा कोटींच्या आसपास डोस बाहेर गेले. शेजाऱ्याला औषध द्यावंच, त्यात गैर काही नाही, आणि त्यातला काही भाग कंपन्यांच्या करारांचा आणि कोव्हॅक्स या जागतिक योजनेचाही होता. चूक होती ती घरची ऑर्डर एवढीशी ठेवून २८ जानेवारीला दावोसच्या आभासी मंचावर विजय सांगण्यात. कोरोना हरवला असं मनात धरलं की पुढच्या सहा महिन्यांची मागणी कशाला नोंदवायची?

शिवाय १ मेच्या धोरणाने खरेदीच वाटून टाकली. निम्मं उत्पादन केंद्राला, उरलेलं राज्यं आणि खासगी दवाखान्यांना. केंद्राला डोस १५० रुपयांना. राज्यांना कोव्हिशील्ड आधी ४००, टीका झाल्यावर ३००. कोव्हॅक्सिन ६००, मग ४००. खासगीला ६०० आणि १,२००. एकाच देशात, एकाच कारखान्याच्या एकाच कुपीचे तीन भाव. ही कुपी पुण्यातल्या मांजरी-हडपसरच्या पट्ट्यात भरली जाते आणि पुण्यातल्याच पोराला स्लॉट मिळत नाही, हे त्या महिन्यातलं वास्तव होतं. महाराष्ट्राने १२ मेच्या सुमारास १८ ते ४४ गटाचं लसीकरण थांबवलं आणि त्यांच्यासाठी घेतलेल्या कोव्हॅक्सिनच्या कुपी ४५ वरच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवल्या. मुंबई महापालिकेने एक कोटी डोसांसाठी जागतिक निविदा काढली, हाती काही लागलं नाही. परदेशी कंपन्या नगरपालिकेशी कशाला बोलतील, त्या देशाच्या सरकारशी बोलतात. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मेच्या आदेशात हे धोरण प्रथमदर्शनी मनमानी आणि अतार्किक ठरवलं, शिवाय ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांनी काय करायचं असंही विचारलं. ७ जूनला पंतप्रधानांनी धोरण फिरवलं. २१ जूनपासून ७५ टक्के खरेदी पुन्हा केंद्राकडे आली.

त्या पन्नासेक दिवसांत शिव्या कोविनने खाल्ल्या. स्क्रीनवर ‘बुक्ड’ दिसलं की माणूस ॲपला बोल लावतो, ऑर्डर कुणी दिली नाही हे त्याला दिसत नाही. पण कोविनचाही एक दोष होताच: २४ मेपर्यंत १८ ते ४४ ला ऑनलाइनखेरीज दार नव्हतं. टेलिग्रामवर स्लॉटची सूचना देणारे बॉट लावून मुंबई-ठाण्याची मंडळी गाड्या काढून पालघरच्या, रायगडच्या आरोग्य केंद्रांवर पोचत आणि गावातली माणसं ओट्यावर बसून बघत. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात जिथे रेंजच नाही तिथे ओटीपी यायचा कुठून? पोर्टलवर मराठी आणि इतर भारतीय भाषा जून २०२१ मध्ये आल्या, म्हणजे गर्दीचा काळ उलटत आल्यावर. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर जागेवरच नोंदणीची मुभा मिळाली आणि एका फटक्यात दोन गोष्टी सुधारल्या: फोन नसलेली माणसं आत आली आणि संध्याकाळच्या उरलेल्या डोसांना घेणारे मिळाले. हे पहिल्या दिवसापासून करता आलं असतं.

भांडणात महाराष्ट्र सरकारही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. ७ एप्रिलला आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले, तीन दिवसांचा साठा उरलाय. त्याच दिवशी केंद्रीय मंत्री हर्षवर्धन यांनी लांबलचक निवेदन काढून राज्य आपलं अपयश झाकतंय म्हणून सुनावलं. दोघांच्याही समोर ई-विनचा तोच तक्ता होता. केंद्रनिहाय शिल्लक रोज जाहीर केली असती तर भांडणाला विषयच राहिला नसता. ती आकडेवारी लोकांसमोर न ठेवणं, याला मी कोविनचा सगळ्यात मोठा वाया घालवलेला गुण म्हणेन.

उत्सवी दिवसांचंही तेच. २१ जूनला विक्रम करायचं ठरलं. मध्य प्रदेशात २० जूनला हजाराच्या आत डोस दिले गेले, २१ ला जवळपास १७ लाख, २२ ला पुन्हा पाच हजारांच्या आत. असा आलेख काढून कुठल्याही आरोग्य सेविकेला दाखवा, ती एका वाक्यात सांगेल काय झालं: कुपी अडवून ठेवल्या. १७ सप्टेंबरला पंतप्रधानांच्या वाढदिवशी अडीच कोटींचा टप्पा गाठला, नंतर आकडा पुन्हा खाली बसला. साथीत रोज समान वेगाने टोचणं महत्त्वाचं असतं. एका दिवसात दुप्पट टोचायचं म्हणजे लस दिल्यावरची अर्ध्या तासाची देखरेख आखडते, नोंदी घाईत होतात, नाव-लिंग-वर्ष चुकतं. मग ते चुकलेलं प्रमाणपत्र दुरुस्त करायला माणूस पोर्टलवर येतो.

लसीच्या निवडीतही घोषणा आधी धावली. २ जुलै २०२० ला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालकांनी रुग्णालयांना पत्र लिहिलं, कोव्हॅक्सिन १५ ऑगस्टपर्यंत लोकांसाठी आणायची आहे. तेव्हा माणसांवरची पहिली चाचणीही सुरू झालेली नव्हती. शास्त्रज्ञांनी आवाज उठवला, तारीख मागे पडली. पण ३ जानेवारी २०२१ ला तिसऱ्या टप्प्याची परिणामकारकता हाती नसतानाच ‘क्लिनिकल ट्रायल मोड’ असा अजब शिक्का मारून परवानगी मिळाली. अर्थ एवढाच, की लस घेणाऱ्या प्रत्येकाकडून संमतीपत्र भरून घ्यायचं आणि त्याच्यावर लक्ष ठेवायचं. कोविनमध्ये तेव्हा लस निवडायची सोय नव्हती. जे केंद्र वाट्याला येईल तिथली घ्यायची. जे. जे. रुग्णालयात कोव्हॅक्सिन, दुसरीकडे कोव्हिशील्ड. डॉक्टरच मागे सरले तर इतरांचं काय? तिकडे अखिलेश यादव यांनी २ जानेवारीलाच ‘भाजपची लस’ घेणार नाही म्हणून टाकलं आणि छत्तीसगड सरकारने कोव्हॅक्सिन नको म्हणून कळवलं. एकाने लसीला तिरंगा गुंडाळला, दुसऱ्याने पक्षाचा झेंडा. लस मात्र चांगलीच निघाली. मार्चमध्ये अंतरिम निष्कर्ष आले, अंतिम परिणामकारकता ७७.८ टक्के. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूपासून बनलेली ही लस दोन महिने थांबून, कागद पुरे करून आली असती तर तिच्यावर शंका घ्यायला जागा उरली नसती. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ ला आली. तोवर अमेरिकेत शिकायला निघालेल्या कितीतरी मुलांना विद्यापीठांनी दुसरी लस नव्याने घ्यायला सांगितलं.

आता जन्मतारखेकडे. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनने प्रवासाचे नवे नियम काढले आणि भारतात लस घेतलेल्यांना लस न घेतलेल्यांच्या रांगेत उभं केलं. हा त्यांचाही उद्दामपणाच. त्यांनी स्वतः पुण्यात बनलेले ५० लाख डोस मार्चमध्ये नेऊन आपल्या लोकांना टोचले होते. २२ तारखेला कोव्हिशील्डचं नाव यादीत घातलं, पण प्रमाणपत्राचं अडलं: त्यावर पूर्ण जन्मतारीख नाही, पासपोर्टशी पडताळायचं कसं? भारताने चोख उत्तर म्हणून ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांना दहा दिवस विलगीकरण लावलं. टीव्हीवर याला ‘जशास तसे’ म्हणाले. प्रत्यक्षात सप्टेंबरअखेरीस कोविनमध्ये परदेशी जाणाऱ्यांच्या प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीख येऊ लागली आणि ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने दार उघडलं. एक रकाना वाढवायचा होता. युरोपातल्या प्रमाणपत्राचा क्यूआर वेगळ्या रचनेचा असल्याने तिथल्या दारावरच्या स्कॅनरना आपला कोड वाचता येत नव्हता, ती अडचण मात्र नंतरही छळत राहिली.

दुरुस्ती करणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. लॉगिन केल्यावर ‘रेज ॲन इश्यू’ ही कळ. तिथे नाव, जन्मवर्ष, लिंग, ओळखपत्र क्रमांक बदलता येतो, पण संधी मोजकीच. म्हणून पासपोर्ट समोर ठेवून स्पेलिंग जसंच्या तसं, वडिलांचं नाव मधे असेल तर तेही. दुसऱ्या डोसला दुसरा मोबाइल नंबर दिला तर पोर्टल तुम्हाला नवा माणूस समजतं आणि दोन ‘पहिल्या डोसची’ प्रमाणपत्रं तयार होतात. त्यासाठी तिथेच दोन्ही जोडायचा पर्याय आहे. पासपोर्ट जोडणं वेगळं, ते दुरुस्त्या झाल्यावरच करावं, नाहीतर चुकलेलं नाव पासपोर्टच्या नंबरासकट छापून येतं. आपल्या खात्यात अनोळखी माणूस दिसला तर त्याचीही तक्रार तिथेच होते.

गुप्ततेत गुण कापले जातात. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवरचा एक बॉट मोबाइल नंबर दिला की नाव, ओळखपत्र क्रमांक, केंद्र असं सगळं सांगू लागला. मंत्रालयाने बातम्या निराधार आणि खोडसाळ ठरवल्या आणि त्याच निवेदनात सायबर तपास यंत्रणेला चौकशीही सांगितली. निराधार असेल तर चौकशी कशाची, हा साधा प्रश्न.

राहिला फोटो. मार्च २०२१ मध्ये बंगाल, केरळ, तामिळनाडू, आसाम, पुद्दुचेरीत निवडणुका, तेव्हा आयोगाच्या सांगण्यावरून तिथल्या प्रमाणपत्रांवरून फोटो काढला गेला. जानेवारी २०२२ मध्ये गोव्यासह पाच राज्यांत तेच झालं. झारखंड, छत्तीसगड, बंगालनेही मग १८ ते ४४ साठी आपण पैसे मोजलेत म्हणून आपापल्या मुख्यमंत्र्यांचे फोटो छापले, म्हणजे रोग सगळीकडचा एकच. इकडे नवाब मलिक यांनी मृत्यूच्या दाखल्यावरही फोटो लावा म्हणून टोला हाणला. केरळ उच्च न्यायालयात एकाने दाद मागितली, तर २१ डिसेंबर २०२१ ला याचिका फेटाळून एक लाखाचा दंड; वरच्या पीठाने तो पंचवीस हजारांवर आणला.

मे २०२४ मध्ये लोकसभेच्या आचारसंहितेत फोटो सगळीकडूनच गेला. त्या दिवसांत ज्यांनी प्रमाणपत्र नव्याने उतरवून घेतलं, त्यांच्या कागदावर बॅच नंबर तोच होता, सिस्टरचं नाव तेच होतं, आणि क्यूआर स्कॅन केला की पूर्वीसारखीच हिरवी खूण येत होती.